पिकल्या भाताचा मिनोरु

मी, तोगाशी हात्सुए, पत्रकार व लेखक कै. तोगाशी कान्जी यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार योकोते, जिल्हा आकिता, हे मृत्युपत्र नोटरी किताझावासाहेबांसमोर करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ऐकू कमी येते, त्याचा बुद्धीशी संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेले नाही. पती गेल्या ऑक्टोबरात वारले. आम्हाला मूल नाही.

१. राहते घर पुतण्या शुनपेई याला. घरात पुस्तकांखाली तीन खोल्या दडल्या आहेत, त्या त्याने स्वतः शोधून काढाव्यात. मला एकोणपन्नास वर्षांत जमले नाही.

२. बर्फ ओढायचे मोठे फावडे शेजारी नाकाशिमा यांना. दर हिवाळ्यात ते आपल्या दारचा बर्फ माझ्या फाटकासमोर लोटतात. आता निदान चांगल्या अवजाराने लोटावा.

हे कलम वाचून किताझावासाहेब म्हणाले, "तोगाशीबाई, मृत्युपत्रात तक्रारी लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?" मी विचारले.

त्यांनी कलम राहू दिले.

३. ह्यांच्या चारशे बारा ध्वनिफिती शहराच्या वाचनालयाला द्याव्यात. अट एकच. प्रत्येक फीत शेवटपर्यंत ऐकावी. ही अट का, ते सांगणे भाग आहे.

१९७२ साली ओनिगाया बोगद्यात पाणी घुसून सतरा मजूर बुडाले. सगळे आमच्याच भागातले शेतकरी, हिवाळ्यापुरते कामाला गेलेले. हे तेव्हा एका वर्तमानपत्रात नोकरीला होते. संपादक म्हणाले, "सतरा मजूर एवढं पुरे, नावांना जागा नाही." ह्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मला घरी येऊन सांगितले, तेही जेवण झाल्यावर. पुढची तीन वर्षे हे सतरा घरे फिरले, घरच्यांचे बोलणे फितींवर घेतले, आणि पहिले पुस्तक लिहिले. नंतर आणखी दहा लिहिली. फिती ऐकून कागदावर उतरवण्याचे काम माझे होते.

त्या सतरांतला एक ओइकावा मिनोरु, वय बावीस. मिनोरु हे नाव ऐकायला एकच, लिहायला अर्थाप्रमाणे अक्षरे वेगवेगळी. एक अक्षर फळाचे, एक पिकल्या भाताचे. मी फळाचे लिहिले. पुस्तकात तेच छापले गेले. पुस्तकावरून गावच्या देवळाच्या आवारातल्या स्मारकाच्या दगडावर तेच कोरले गेले. मग मिनोरुची बहीण किमिए हिचे पत्र आले. ज्या वर्षी भात अमाप पिकले त्या वर्षी भाऊ जन्मला, म्हणून वडिलांनी पिकल्या भाताचे अक्षर निवडले होते.

त्यानंतर दर वर्षी हे गोड वड्यांचा डबा घेऊन किमिएकडे माफी मागायला जात. डबा दर वर्षी परत येई. एकदा मीही बरोबर गेले. ती दारातच म्हणाली, "वहिनी, मला वड्या नकोत. अक्षर द्या."

हे म्हणाले, "चूक माझी आहे, किमिएताई."

तेव्हापासून ह्यांना सवय लागली, भेटेल त्याच्याकडून वहीत त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे. डॉक्टरकडून, पोस्टमनकडून, टोफूवाल्याकडून. मला वाटे हा मलाच टोमणा आहे. एकदा म्हटले, "टोफूवाल्याला तरी सोडा."

"नाव चुकलं तर बाकीचं कशाला खरं असायला हवं?" इतकेच म्हणाले. मी आठवडाभर बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आले नाही.

गेल्या हिवाळ्यात फिती आवरताना मिनोरुच्या आईची फीत लावली. हे तिचे आभार मानतात तिथपर्यंतच मी पूर्वी ऐकली होती; चुलीवर भात उतू चालला होता, म्हणून यंत्र बंद केले होते. आभारानंतर ती म्हातारी म्हणते, "आणि हे बघा, लिहिताना पिकल्या भाताचा मिनोरु लिहा हं." हे म्हणतात, "लिहितो." फितीच्या डबीवर ह्यांच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले आहे: चूक माझी. तारीख किमिएचे पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे मी फीत शेवटपर्यंत ऐकली नव्हती, हे ह्यांना माहीत होते. पंचेचाळीस वर्षे मला सांगितले नाही. या माणसाला सगळ्या जगाकडून खरे वदवून घ्यायचे होते, फक्त घरात नाही. याचा मला अजून राग आहे आणि तो काढायला समोर माणूस नाही. म्हणून इथे नोंदवते, चूक माझी होती.

४. माझ्या ठेवीतून स्मारकाची दर्शनी बाजू घासून सतराही नावे पुन्हा कोरावीत. एकच अक्षर बदलता येत नाही असे स्मारक समितीचे अध्यक्ष हिराकावा सांगत आले आहेत. दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू". या वसंतात म्हणाले, "तोगाशीसाहेबही गेले, वहिनी. आता कोण बघतंय?"

किमिए बघते. ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि दर महिन्याला तिथे फुले ठेवते.

५. त्याच आवारात, स्मारकापासून दहा पावलांवर आमचे थडगे आहे. ह्यांच्या नावाशेजारी माझे नाव कोरून ठेवले आहे, मी जिवंत आहे म्हणून लाल रंगात. मी गेल्यावर तो रंग रीतीप्रमाणे काढतात. शुनपेईने तो काढू नये. हिराकावा आणि सगळा गाव पितरांच्या सणाला तिथून जातो. त्यांनी मेलेल्या बाईचे लाल नाव बघावे आणि कारण विचारावे. दगडावर पिकल्या भाताचा मिनोरु आला की किमिएला बोलवावे आणि रंग तिच्या हाताने काढवावा. तोवर मी गेले असे कोणी धरू नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी शेवटपर्यंत ऐकला.

तोगाशी हात्सुए (सही व शिक्का)

साक्षीदार: १. सावागुची तेइझो, निवृत्त शिक्षक. २. कुमागाई फुसाए, शिवणकाम. दोघांनी आपापली नावे स्वतःच्या हाताने लिहिली आहेत.

योकोते, ९ जून २०२१