चक्कर येण्याचं काम

६ तारीख, सोमवार
आजारी माणसाला बसायला स्टूल? एवढं मोठं कॉलेज, लिफ्टमध्ये आरसा, आणि पेशंटच्या पाठीला टेकायला काही नाही. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. स्टूल तेच.
काम असं. औषधाच्या दुकानात काउंटरमागे दहा-दहा वर्षं काढलेली माणसं इथे पुन्हा बाकावर बसवलीत. नुसती स्ट्रिप कापून हातात ठेवायची नाही. पेशंटला विचारायचं, तपासायचं, आणि पुराव्यानिशी बोलायचं. त्यांच्या सरावाला खोटी पेशंट हवी होती. ती मी.
शिकवणाऱ्या बाईंनी कागद दिला. वय सत्तर, बीपीची एक गोळी, उठताना चक्कर. एवढं पाठ करायला माझी चौथी पुरे.

९ तारीख
आज पहिला प्रयोग. स्टुलावरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी, टेबल धरलं म्हणून वाचले. बाई म्हणाल्या, किती खरं करता हो आजी. म्हटलं, ते अंगातच असावं लागतं.
समोरचा दर वाक्याआधी घसा साफ करतो. नाव ठेवलं खाकऱ्या. म्हणाला, आजी, पाणी भरपूर प्या. बाईंनी विचारलं, पुरावा काय? तर म्हणे माझी आई पिते. बारा वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाइकं जिवंत आहेत हे त्यांचं नशीब.

१० तारीख, सकाळी
बाथरूममध्ये अभिनय झाला. ठरवून नाही. बादली पडली, मी नाही. सुनेने बाहेरून विचारलं, काय पडलं? बादली. खोटं कुठे बोलले?
गेल्या महिन्यात जिन्यात बसले होते. मुलगा म्हणतो पडले. तेव्हापासून धमकी: आणखी एकदा पडलीस तर एकटीने बाहेर जाणं बंद. जन्मभर पायांवर चालले, आता ह्याच्या परवानगीवर चालायचं.
निश्चय: घरी सराव बंद. फक्त कॉलेजात.

१३ तारीख
सराव बंद होत नाही. भाजीच्या दुकानात दोनदा, पलंगावरून उठताना एकदा. भूमिका अंगात भिनली की असं होत असणार.
बाकी मी ठणठणीत. का नसणार? सकाळी माझ्या डॉक्टरांची पांढरी गोळी, जेवणानंतर धाकट्या जावेची पिवळी. तिच्या डॉक्टरने दिलेली, तिला म्हणे फार तरतरी आली. मग मीच काय घोडं मारलं? महिन्याभरापूर्वी तिने स्ट्रिपाच दिल्या. तिने आपणहून काही दिल्याचं हे पहिलंच. माझ्या डॉक्टरांना बोलले नाही. उगीच त्यांना वाईट वाटायचं.

१७ तारीख
एक नवी आली. गोगलगाय. प्रश्न विचारते आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसते. माणसाला किती अवघडल्यासारखं होतं. हिचं काही खरं नाही.

२० तारीख, दुपारी ४
परीक्षा झाली. आल्या आल्या लिहायला बसले. रागाने.
बाहेरून परीक्षक आले होते, म्हणून आज जोरदार चक्कर आणायची ठरवली होती. डबा खाल्ला, पिवळी घेतली, गेले. गोगलगायीने बसवून बीपी मोजलं. एकशे अठ्ठावीस. उभं केलं, पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव. मी टेबल धरलं. टाळीची वेळ. टाळी नाही.
तिने मला धरून खाली बसवलं. म्हणाली, नाटक थांबवू या. मी म्हटलं, कागदात असं नाहीये. तर म्हणते कशी,
"आजी, चक्करचं सोंग आणता येतं. मशिनवरचा आकडा कसा आणाल?"
मग माझी पिशवी बघू का विचारलं. परीक्षकांसमोर नाही कसं म्हणणार. दोन्ही स्ट्रिपा टेबलावर, आणि पिवळी जावेची हेही सांगावं लागलं. वर नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, खाली बारीक अक्षरात औषध एकच, बीपी उतरवायचं. महिनाभर मी एकच औषध दोनदा गिळत होते.
बाईंनी तिथूनच माझ्या डॉक्टरांना फोन लावला. पिवळी आजपासून बंद. नंतर मुलालाही लावला. त्याची गरज नव्हती; त्याने माझं एकटीने बाहेर जाणं लगेच बंद केलं.
गोगलगाय पहिली आली. कोणामुळे, ते कोणी बोललं नाही.

२८ तारीख
आठ दिवसांत एकदाही अंधारी नाही. मुलाने रोज स्वतः मोजलं, आकडे लिहिले, आणि काल म्हणाला, जा बाई कुठे जायचं ते.
गेले कॉलेजात. बाई म्हणाल्या, आणा बघू चक्कर. आणली. डोळे फिरवले, हात हवेत, सगळं केलं. खाकऱ्या हसला. बाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, आजी, सोंगाचं काम संपलं, आता तुम्ही खऱ्या पेशंट, गोगलगायीकडे तुमची फाइल उघडली आहे. म्हणजे एकटीने बाहेर जायला मोकळी, आणि जायला ठिकाण नाही.
गोगलगायीने फाइल काढली आणि विचारलं, स्ट्रिपा तुमच्याकडे होत्या, मग महिनाभर जाऊबाईंनी काय घेतलं?
उत्तर संपायची वाट बघत बसली. मी पिशवी उचलून घरी आले.
आताच जावेला फोन केला. तरतरीचं विचारलं, तर लोणच्याचं सांगायला लागली. म्हणजे महिनाभर तिने बीपीची गोळीच घेतलेली नाही. उद्या दहाला तिला घेऊन जाते. स्टुलावर तिनेच बसायचं, आणि उत्तर तिनेच द्यायचं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.