पुढच्या वर्षीची दिलगिरी

दि. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल मोबाइलवर तुझा संदेश आला, सही करून टाक, हट्ट सोड. वाचून असा संताप आला की पुढ्यातला चहा निवून गेला. मग तुझ्या भावोजींनी तोच संदेश, तुझ्यासारखं डोकं खाजवत, वाचून दाखवला आणि मला हसू फुटलं. अक्षरं तीच होती, बाबा! म्हणून हे पत्र. यात तरी माझा सूर तुला ऐकू येईल.

प्रकरण असं आहे. बसस्थानकावर मी इतकी वर्षं गाड्या पुकारते. आता साहेब म्हणतात, सगळी वाक्यं एकदाच बोलून यंत्रात भरा, तशी संमती सही करून द्या, पुढे यंत्र बोलेल. बाकीची भरलीही असती. पण त्यांत गैरसोयीबद्दल दिलगीर असल्याचंही वाक्य आहे. परवा शेवटची गाडी रद्द झाली, तेव्हा काचेपलीकडे एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून मी ते वाक्य बोलले. पुढच्या वर्षीच्या उशिराबद्दल मी आज कशी दिलगीर होऊ? सही करणार नाही.

रागावलास तर सविस्तर रागव.

तुझी ताई

दि. १० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

रागावलो नाही, घाबरलोय. नकार दिलास तर तुला माइकवरून उठवतील, कदाचित घरीही बसवतील. भावोजींचं दुकान बंद, सगळं घर तुझ्या पगारावर. शिवाय शब्द नित्य असतो, म्हणजे कायम तोच राहतो, तो कोणीही उच्चारो, हे शास्त्रवचन लहानपणी तूच माझ्याकडून घोकून घेतलंस. मग यंत्राने उच्चारला तर तुझं काय जातं?

लोभ आहेच, थोडं व्यवहारज्ञानही असू दे.

तुझा धाकटा

दि. २२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शब्द नित्य असेल, गाडी अनित्य आहे. सही केली नाही. माइक गेला, चौकशीची खिडकी पदरात पडली. पगार तूर्त तोच. यंत्रात दुसऱ्या कुणा बाईचा आवाज भरलाय. गोड आहे. मत्सर मुळीच नाही, म्हणजे थोडाच.

काल पुलाचं काम निघालं आणि शेवटची गाडी रद्द झाली. यंत्राने ते, बारशाचं आमंत्रण द्यावं अशा सुरात, पुन्हा पुन्हा सांगितलं. फलाटावर कोणी हललं नाही. शेवटी एक म्हातारबुवा खिडकीशी आले आणि विचारू लागले, ती बाई म्हणते ते खरं का? मी म्हटलं, खरं आहे, आणि मला वाईट वाटतंय. त्यांनी मागे वळून, गाडी नाही अशा अर्थी हात हलवला, तेव्हा कुठे लोकांनी पिशव्या उचलल्या. दोघांनी जाता जाता मला शिव्याही दिल्या. यंत्राला कोणी दिल्या नव्हत्या!

कालचा प्रकार कानावर गेला असावा, आज सकाळी साहेबांचा मोबाइलवर संदेश आला, उद्यापासून पुन्हा माइकवर या. त्यांची खोली माझ्या अगदी समोर, मध्ये फक्त काच. मी मोबाइल पालथा ठेवला, काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. म्हणायचं असेल ते येऊन तोंडाने म्हणा.

अजून आलेले नाहीत. मीही उठलेली नाही.

तू मात्र पत्रच लिहीत जा, मोबाइलवर तू माझा साहेब होतोस. लोभ आहे तसाच आहे, तो माझ्या आवाजात वाच.

तुझी ताई