तीन भेटी, प्रतिसाद नाही

दि. ९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. बाबांचा खोकला कमी झाला का? तुझ्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी वारा लागतो. त्यांची खाट भिंतीकडे सरकव.

इथे ट्रामची चाचणी सुरू झाली. गाडीत प्रवाशांच्या जागी वाळूची पोती ठेवतात. मी मध्ये बसून प्रत्येक थांब्यावर दारं किती सेकंद उघडी राहतात ते लिहितो. चालक म्हणतो, पोती तिकीट काढत नाहीत, पण जागेवरून भांडतही नाहीत. चांगला माणूस आहे.

चौथ्या थांब्यावर मात्र माझे आकडे रोज चुकतात. साहेबांच्याही ते लक्षात आलंय. ट्रामसाठी पाडली ती बाबांची खोली तिथेच होती. दारं उघडतात, कोणी चढत नाही, आणि मी मोजायचं विसरतो.

तू तीनदा विचारलंस, की बाबा त्या खोलीत रोज घड्याळं दुरुस्त करत बसत होते, तर पाडण्याआधीच्या पाहणीच्या कागदावर 'वापरात नाही' असं कोणी लिहिलं. जुने कागद सापडत नाहीत, असं मी मागे कळवलं होतं. ते खोटं होतं. कागद माझ्याच कपाटात आहे. खाली सही माझी आहे.

नियम असा होता की तीन वेगळ्या दिवशी, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दार वाजवायचं. तिन्ही वेळा कोणी बोललं नाही तर खोली रिकामी धरायची. रिकाम्या खोलीला नोटीस नाही, बदली खोली नाही. नेमकी ती गल्ली माझ्या वाट्याला आली. बदलून मागितली असती, तर वडिलांशी चार वर्षं बोलणं नाही, हे साहेबांना सांगावं लागलं असतं. आठवी नापास मुलाला नुसत्या अक्षरावर नोकरीत घेतलेलं, त्यांनी आणखी काही विचारायला नको असं वाटलं.

मी तिन्ही वेळा जिना चढलो, ताई. दार एकदाही वाजवलं नाही. तिसऱ्या वेळी आतून बाबा म्हणाले, "दार उघडंच आहे, छोट्या."

मी उतरलो. खाली कठड्यावर कागद ठेवून नीट अक्षरात लिहिलं: तीन भेटी, प्रतिसाद नाही.

बाबांनी हे तुला कधी सांगितलं नाही ना? तेच मला झोपू देत नाही.

सुनावणी अठरा तारखेला आहे. बाबांना बदली खोली मिळायची तर नोंद खोटी होती, हे नोंद करणाऱ्यानेच सांगावं लागतं. माझी जबानी सोबत जोडली आहे, वकिलांना दाखव. नोकरी जाणार, हे मी धरून चाललोय. पण ती जबानी बाबांच्या समोर मोठ्याने वाचायची आहे. मी कागदावरून मान वर करणार नाही, मला माहीत आहे. तू शेजारी उभी राहा आणि मला त्यांच्याकडे बघायला लाव.

दर पत्राखाली 'तुझा लाडका' लिहितो. या वेळी नुसतं,

तुझा भाऊ