तुमच्या सहीचं शिफारसपत्र

सर, तुमचं शिफारसपत्र मी उघडलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं. का उघडलं आणि का फाडलं, ते मात्र मी तुम्हाला खोटं सांगितलं.

बारावीचं वर्ष होतं. माझा जन्म अमेरिकेतला, वडील तिथे दोन वर्षं शिकायला होते तेव्हाचा. मी दहा महिन्यांची असताना आम्ही नाशिकला परतलो. "कागदोपत्री तू त्यांचीच आहेस, मग अर्ज करायला काय हरकत आहे?" वडील म्हणायचे. तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजचा अर्ज टपालानं आला. नागरिकत्वाच्या रकान्यात अमेरिका आणि पत्त्याच्या रकान्यात पंचवटी लिहिताना माझं मलाच हसू आलं. ते मोजकीच मुलं घेत. आमच्या कॉलेजचं नावही त्यांनी ऐकलेलं नसणार, तेव्हा सगळी भिस्त शिक्षकाच्या पत्रावर. ते शिक्षकानं स्वतः लिहून, पाकीट बंद करून, चिकटवलेल्या जागेवर सही करून द्यायचं होतं. तुम्ही दोन रविवार ते लिहीत होतात, असं तुमच्या घरी काकूंनी सांगितलं. दिंडोरीकडच्या खेड्यातून आलेले तुम्ही, फिजिक्स तोंडपाठ, पण इंग्रजी वाक्य लिहायचं म्हटलं की शब्दकोश उघडणारे.

दुपारची वेळ आहे. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळतंय आणि मी तुमचं पाकीट वाफेवर धरलंय. "चहा टाकलास का गं?" आई बाहेरून विचारते. मी हो म्हणते. पत्र दीड पानाचं आहे, निळ्या शाईत, रेघ ओढल्यासारख्या सरळ ओळींत. स्पेलिंगच्या चार-पाच चुका आहेत. आणि तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय की ही मुलगी वर्गात पहिली नाही, दुसरी आहे. पहिला येणारा मुलगा हिच्याहून हुशार आहे, पण ही प्रश्न विचारायला लाजत नाही आणि चूक कळली की कबूल करते.

मी ते फाडलं. मेन रोडजवळच्या टायपिंग क्लासमध्ये बसून नवं पत्र टाइप केलं. इतक्या वर्षांत अशी बुद्धिमान विद्यार्थिनी पाहिली नाही, असं तुमच्या तोंडी घातलं. तुमची सही मला जर्नलवर पाहून पाहून पाठ होती.

दोन महिन्यांनी तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावलंत. मार्कांचा तक्ता तुम्ही हातानं भरून थेट त्या अमेरिकेतल्या कॉलेजला पाठवला होता. त्यावरची सही आणि पत्रावरची सही त्यांना वेगळी वाटली होती. हे पत्र आपणच लिहिलं आहे का, असं विचारून त्यांनी सोबत त्याची नक्कल पाठवली होती. तुम्ही ती माझ्यासमोर ठेवलीत.

"इंग्रजी छान आहे. माझं एवढं कधीच नव्हतं," तुम्ही म्हणालात. "माझं कुठाय?"

"फाडलं, सर."

"काय चुकलं होतं?"

"स्पेलिंग," मी म्हणाले.

तुम्ही ती नक्कल उचलून बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "मग लाल शाईनं दाखवायचं. मी नाय का तुमच्या चुका दाखवत?" वर्गात तुमच्या तोंडून कधी 'नाय' आलं नव्हतं. कॉपी करताना सापडलेल्या मुलाला, तो कुणाचाही असो, सोडायचं नाही अशी तुमची ख्याती. मला वाटलं, आता संपलं. तुम्ही कोरा कागद ओढलात, दोन ओळी लिहिल्यात आणि माझ्याकडे सरकवल्यात. पत्र माझंच आहे, सही घाईत केली होती, असं त्यात लिहिलं होतं.

"तेवढं स्पेलिंग बघून घे," तुम्ही म्हणालात.

मी बघितलं. चूक नव्हती. मी तसं सांगितलंही.

प्रवेश मिळाला. निघण्याआधी तुमच्या पाया पडून ये म्हणून आई मागे लागली होती, मी सामानाचं कारण सांगितलं. नंतर सुट्टीत तीनदा आले, तिन्ही वेळा तुमची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं गेले. स्पेलिंग नाही, सर, ती तिसरी ओळ मला सहन झाली नव्हती. स्पेलिंग म्हणून मी तुमच्या इंग्रजीवर ढकललं, आणि तुम्ही ते खरं मानलंत. प्रयोगशाळेतल्या त्या दिवसानंतर तुम्ही वर्गात फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला की मागे वळून विचारायचात, "बरोबर आहे ना?"

तुम्ही गेलात तेव्हा मी नाशिकलाच होते. शोकसभेत कुणीतरी मला बोलायला उभं केलं. सरांच्या पत्रामुळे मी एवढी शिकले, असं मी सांगितलं. काकू रडल्या. नंतर माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांनी काय लिहिलं होतं गं तुझ्याबद्दल? एक प्रत मिळाली तर ठेवीन मी." पाठवते म्हणाले.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, पंचवटीत धाकट्या मुलीकडे असतात. मागच्या वर्षीही त्यांनी निरोप पाठवला होता. हे सगळं खरं तर त्यांना लिहायला हवं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही.