चित्रातला हात

सर,

आमच्या मुलुंडच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. काल माळा आवरताना तुम्ही दिलेला सात नंबरचा ब्रश सापडला, म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर धूम्रपानाविरुद्धची स्लाइड यायची, काळी पडलेली फुप्फुसं दिसायची आणि आम्ही आठवीतली पोरं शिट्ट्या मारायचो. त्याच विषयावर शाळेत पोस्टर स्पर्धा लागली. बाकीच्यांनी कवट्या काढल्या. मी नुसता एक हात काढला. सिगारेट मुठीत लपवलेली, जळतं टोक तळव्याकडे, बोटांच्या फटींतून धूर. तुम्ही माझ्या बाकाशी येऊन थांबलात. मग हळू आवाजात विचारलंत, "हे असं धरलेलं कुठं बघितलंस रे?"

माझी पाचावर धारण बसली. बाबांची गिरणी बंद पडली होती, घरात आधीच ताण होता, त्यांना कळलं असतं तर माझी शाळाच सुटली असती. पण तुम्ही मधल्या सुट्टीत गच्चीच्या जिन्यात ओढता आणि पावलं वाजली की सिगारेट अश्शीच मुठीत घेता, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मी फक्त तुमच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही हात पाठीमागे नेलात. म्हणालात, "बरं. धूर जरा जास्त झालाय, कमी कर."

पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते मुख्य जिन्यापाशी लागलं. तुम्हाला रोज त्याच्यासमोरून जावं लागे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्या खिशात पाकिटाच्या जागी बडीशेपेची डबी आली आणि मला हा ब्रश मिळाला. पुढे तुमच्या निरोपसमारंभात तुम्ही माइकवर सांगितलंत, "माझी सिगारेट डॉक्टरनं नाही, आठवीतल्या एका पोरानं सोडवली." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेतून उठलो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन एक पेटवली. तेव्हा स्वतःची फार लाज वाटली. नंतर तिचीही सवय झाली.

तो हात तुमचा नव्हता, सर. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं मित्र नाहूरकडच्या मिठागराच्या बांधावर जायचो. तिथे वारा फार, सिगारेट मुठीतच धरावी लागे. तुम्ही उजव्या हाताने ओढायचात. चित्रातला हात डावा आहे. रोज समोरून जाऊनही तुमच्यासारख्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. मी उजव्याने काढत होतो आणि बघायला समोर माझाच डावा धरला होता.

कागदावर राख सांडली आहे. ती झटकतो आणि पत्र ब्रशबरोबर परत माळ्यावर ठेवतो.