आतल्या पट्टीला हात लावला

बाबा, आईची मांडी बिघडली आहे आणि ती माझ्यामुळे बिघडली आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर येणारच नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी मस्कतला आहे, पाइपलाइनच्या कामावर. उन्हाळ्यात इथे दुपारी साइट बंद ठेवतात, तेव्हा खोलीत पलंगावर बसून लिहितोय. कॅम्प तीनमधला जीन्सचा कारखाना मी सोडला तो तुमच्यासमोरच. नंतर अंबरनाथची कंपनी सोडली, टेम्पो सोडला. एका जागी बूड टेकत नाही, हे तुम्ही बोलायचात ते अजून तसंच आहे.

दीड महिन्यापूर्वी कात्रपच्या घरी वडे तळताना कढई कलंडली. उकळतं तेल आईच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली सगळं. डॉक्टरांनी उजव्या मांडीची पातळ कातडी काढून तिथे बसवली. तुम्ही जन्मभर हॉस्पिटलात ड्रेसर होतात, तुम्हाला काय सांगायचं. मांडीवर लावायला डॉक्टरांनी तुमच्या धाकटीला दोन पट्ट्या दाखवल्या. एक साधी, व्हॅसलिनची जाळी, तुमच्या वेळची. दुसरी चांदीची. चांदी जंतू मारते म्हणे, आईला शुगर आहे म्हणून तीच बरी. पण ती एकदा ठेवली की आपोआप सुटेपर्यंत तशीच ठेवायची, बदलायची ती फक्त वरची. धाकटीने चांदीची घेतली. आई फोनवर हसत होती. "तुझ्या बापाने गळ्यात सोनं नाही घातलं, आता मांडीला चांदी आली बघ."

तेव्हा मला तुमच्याबरोबरचे ते चार दिवस आठवले. मी नववी सोडून घरात बसलेलो, कारखानाही सुटलेला, आणि तुम्ही डॉक्टरसाहेबांच्या हातापाया पडून मला ड्रेसिंगच्या खोलीत शिकायला नेलं होतं. शेअर रिक्षात तुम्ही पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर, मी मागे तोंड पाडून. त्या खोलीतला वास अजून नाकात आहे. कॅम्प एकमधला कापडवाला शेठ पालथा पडलेला असतो. त्याचा हात भाजलाय, पण तो हाताबद्दल एक शब्द बोलत नाही, कातडी काढलेल्या मांडीवरच ओरडतो. साहेबांना बघायचं होतं कुठली पट्टी चांगली, म्हणून एकाच मांडीवर वर साधी जाळी आणि खाली पिवळ्या औषधाची. तुम्ही रोज सकाळी विचारता, "शेठ, वर दुखतंय का खाली?" आणि शेठ उशीत तोंड घालून बोलतो, "ऊपरवाला शरीफ है भाऊ, नीचेवाला एकदम हरामी." तुम्ही हसत नाही. तसंच्या तसं कागदावर लिहिता, फक्त शिवी गाळून.

चौथ्या दिवशी दुसरा एक पेशंट आला, पाठ भाजलेला. पाठीवर काळं काळं झालेलं. तुम्ही चिमट्याने ते उचलत होतात आणि मला बोललात, "काळं झालं ते मेलं. मेलेलं ठेवलं की सडतं." हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच दिवशी शेठच्या पट्टीच्या कडा वाळून वर आल्या होत्या. मी ओढायला गेलो तर तुम्ही फाटकन माझ्या हातावर मारलं, कात्रीने फक्त सुटलेल्या कडा कापल्यात, बाकी तसंच ठेवलंत. मी विचारलं, का? बाहेर लाइन लागलेली. तुम्ही बोललात, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी मी आलोच नाही. मित्राबरोबर बारवी डॅमला गेलो. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत, आणि सहा महिन्यांत तुम्ही गेलात.

गेल्या आठवड्यात धाकटीने व्हिडिओ कॉल लावला. वरची पट्टी बदलत होती. आतली काळी पडलेली, ओली, राखेसारखी. मी बोललो, "हे सडलंय. काढ."

"दादा, आतल्याला हात लावू नका असं डॉक्टर बोललेत."

"काळं ठेवतात का कधी? मी बाबांच्या हाताखाली शिकलोय का तू?"

"चारच दिवस शिकलास," ती बोलली.

"चार तर चार. काढ बोललो ना."

तिने सलाइनने भिजवून ओढली. आई ओरडली नाही, पलंगाची कड धरून फक्त हं हं करत राहिली. पट्टीबरोबर खालची नवी गुलाबी कातडी निघून आली आणि मांडी रक्ताने भरली. मी कॉल कापला. नेट गेलं असं नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी धाकटीला झापलं. ती काळी पडते कारण ती चांदी आहे. आत सगळं छान भरत होतं. आता तिथे पू झालाय. डाव्या नडगीवर तळहाताएवढी जागा अजून उघडी आहे, तिच्यासाठी ह्याच मांडीची कातडी पुन्हा काढायची होती. दुसऱ्या मांडीला हात लावायला डॉक्टर तयार नाहीत, शुगरमध्ये आणखी एक जखम नको बोलतात. मांडी भरली नाही तर नडगी झाकायची कशाने, आणि नडगी झाकली नाही तर पाय राहील की नाही ते सांगता येत नाही.

डॉक्टरांना पुन्हा चांदीचीच लावायची आहे. आज संध्याकाळी. आणि आई लावू देत नाही.

कारण विचारलं तर ती तुमचं नाव घेते. त्या दिवशी धाकटी फोनवर रडत भांडत होती, तुला कोणी शिकवलं हे म्हणून, तेव्हा मी बोलून गेलो, बाबांनी. बाबा बोलायचे चांदी काळी पडली की लगेच काढायची. चांदीचं नाव मी घातलं, बाबा. तुमच्या हातात ती पट्टी कधी आलीही नव्हती. आईने ते स्पीकरवर ऐकलं आणि शांतपणे बोलली, "मग बरोबरच असेल." आता ती डॉक्टरांच्या तोंडावर बोलते, "माझ्या माणसाने पंचवीस वर्षं हेच केलं. तो काळं ठेवू नको बोलला ना, मग मी नाही ठेवणार." धाकटी हात जोडते. डॉक्टर वैतागले, बोलले मुलाला समजवायला सांगा, त्याचं ऐकतील.

ती माझं नाही ऐकत, तुमचं ऐकते. मी खोटं बोललो एवढंच तिला सांगायचं आहे. त्यावर ती रागावणार नाही, मला माहीत आहे. "असू दे रे" बोलेल, आणि मला तेच नको आहे. चार वेळा नंबर काढला, चार वेळा फोन पालथा ठेवला. मग धाकटीचा मेसेज आला, डॉक्टर सहाला येतात, तू बोललास का? मी लिहिलं, लाइन लागत नाही.

लाइन लागते आहे, बाबा. मी लावतच नाही. तिला दोन वाक्यं सांगायची सोडून दुपारभर तुम्हाला लिहीत बसलोय.