समुद्रनगर, मुक्काम लातूर

९ जानेवारी १९९४, रविवार
आजपासून मोठं काम. भूकंपानंतर तीन महिने अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काढून एक गोष्ट पटली: जमिनीचा भरवसा नाही. माणसानं समुद्रावर राहावं. तरंगत्या शहराचं डिझाइन मीच करणार. समुद्र पाहिलेला नाही, पण बारावीच्या क्लासला फिजिक्स शिकवतो. पुरे.

उज्वला म्हणाली, इंजिनिअर घर तपासून गेले, साधा तडाही नाही, पोरीची बोर्डाची परीक्षा आली, आता आत झोपू. दूरदृष्टी सगळ्यांनाच नसते.

१२ जानेवारी
थर्माकोलचं मॉडेल तयार. शाळा, दवाखाना, माझे क्लासेस. ड्रममध्ये सोडलं. तेवढ्यात नळ आला. उज्वलानं अख्खं शहर उचलून तुळशीपाशी ठेवलं. संशोधनाला घरातूनच विरोध!

१५ जानेवारी
क्लासमध्ये विषय काढला. देगलूरचा मडिवाळप्पा म्हणाला, सर, समुद्र तर रोजच हलून राहिला की. सिलॅबसच्या बाहेरचं विचारायचं नाही, असं सुनावलं. घरी जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी, नांदेड
साडूकडे बारसं. म्हटलं, प्रत्यक्ष अनुभव घ्यावा. गोदावरीच्या घाटावर सगळे नावेत बसलो. नाव जराशी डुलली. मी म्हणे ‘पळा, बाहेर पळा’ असं ओरडलो आणि उडी मारली. घोटाभर पाणी. घाटावरचे लोक हसले. उज्वला जागची हलली नाही. म्हणाली, अहो, दोर सोडलाच न्हाई अजून.

२४ जानेवारी
डिझाइनमध्ये सुधारणा. शहर हलता कामा नये. तळात खांब रोवायचे, वर काँक्रीट. वैष्णवी म्हणाली, मग ते जमिनीवरच झालं ना, बाबा? असले प्रश्न विचारणाऱ्या पोरीला कोण ॲडमिशन देणार!

३० जानेवारी
वैष्णवीनं गादी उचलली. थंडीनं बोटं आखडतात, पेपर कसे लिहू, म्हणाली आणि आत गेली. मागोमाग उज्वलाही. मी डिझाइनच्या कामामुळे बाहेरच.

३१ जानेवारी
कामाला हात लावला नाही. भीती वाटते. घर पडेल याची वाटते, आणि ते पडताना त्या दोघी आत नि मी बाहेर असेन, याची त्याहून जास्त.

अंथरूण दारात ओढलं. पाय आत, डोकं बाहेर. वैष्णवी केमिस्ट्री घोकत होती. उज्वलानं माझ्या पायांवर चादर टाकली. म्हणाली, असू द्या, डोकं उद्या घ्या.